कपडे धुवायच्या दगडावरची हार्ड डिस्क

घरातली एकमेव धडधाकट हार्ड डिस्क मी शांत डोक्यानं, पूर्ण विचार करून कपडे धुवायच्या दगडावर ठेवली आणि हातोड्यानं फोडली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण म्हैसुरातले आमचे सगळे नातेवाईक ही गोष्ट इथूनच सुरू करतात. त्याआधी बरंच काही घडलं होतं असं मी सांगू लागलो, की लोकांना घरी जायची आठवण होते. तुम्ही थांबाल अशी आशा आहे.

मी म्हैसूरजवळ बेळगोळच्या एका कारखान्यात देखभाल विभागाचा प्रमुख आहे. यंत्र बिघडलं की लोक मला बोलावतात आणि मी त्यांना एकच वाक्य ऐकवतो, "आधी बघा, मग हात लावा." हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापून भिंतीवर लावलेलं आहे. (कारखान्याच्या भिंतीवर. घरात लावायला हवं होतं.)

असा मी तीन वर्षांपूर्वी घरी एक सर्व्हर घेऊन आलो. सर्व्हर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काही भव्य उभं राहिलं असेल तर ते खाली बसवा. चपलांच्या खोक्याएवढा काळा डबा, वरून उघडणारं झाकण, आत शेजारी शेजारी दोन हार्ड डिस्क. घरातल्या वायफायला जोडायचा, की सगळ्यांच्या फोनमधले फोटो आपोआप त्यात जाऊन बसतात. तेव्हा अव्वा होती. (माझी आई. पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून आमच्या मराठीत एवढं कन्नड मुरलंय, की आईचीही अव्वा झाली.) तिनं डब्याभोवती एक फेरी मारली.

"यात काय असतं रे, रघू?"

"सगळं असतं अव्वा. फोटो, लग्नांचे व्हिडिओ, सगळं."

"मत्ते बघायचं कशावर?"

"फोनवर."

"फोनमधनंच गेले ना ते आत?"

"हो."

"मग सुम्ने कशाला पाठवलास त्यांना तिकडं?"

मत्ते म्हणजे मग, सुम्ने म्हणजे उगीच. अव्वाच्या बोलण्यात सुम्ने मिठासारखा असायचा, आणि बहुतेक वेळा माझ्याच ताटात पडायचा.

माझी बायको वैशाली कोल्हापूरची आणि शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिची शंका वेगळी होती. "चार टीबीच्या दोन डिस्क. म्हणजे आठ टीबी जागा."

"नाही, चारच. जे एकीवर, तेच जसंच्या तसं दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी आहेच."

"म्हणजे एका वर्गाला दोन वर्गशिक्षक."

"तसंच समज."

"आणि दोघांनाही पोरांची नावं माहीत."

"अगदी."

"मग चुकून चांगल्यालाच काढून टाकलं तर?"

मी हसलो. कारखान्यात नवशिक्यांच्या प्रश्नांवर हसतो तसं, जरा मायेनं.

आता अव्वाबद्दल सांगायला हवं. आम्ही मूळचे रंगारी. माझे आजोबा सुती लुगडी रंगवायचे आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर साड्यांना रोल-पॉलिश करायचं दुकान चालवलं. रंगांची सगळी माहिती मात्र अव्वाकडे होती. लग्न होऊन आली तेव्हा तिनं सासऱ्यांच्या हाताखाली भट्टीपुढे काम केलं होतं. मंजिष्ठाच्या मुळांचा लाल कसा उतरतो, कुठल्या विहिरीच्या पाण्यानं निळा बिघडतो, हे तिला पाठ होतं. तिच्या शेवटच्या वर्षात मी फोनवर तिचं हे सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. अकरा रेकॉर्डिंग झाली. फोन भरला, तेव्हा ती सगळी डब्यात टाकली आणि फोनवरून पुसली. आता ती अधिक सुरक्षित आहेत, असं मी तेव्हा घरात जाहीरही केलं होतं.

मग अव्वा गेली. ती रेकॉर्डिंग ऐकायचा धीर कोणालाच झाला नाही. वर्षश्राद्ध पंधरा दिवसांवर आलं, तेव्हा अप्पा एका सकाळी कॉफी पिताना म्हणाले, "त्या दिवशी सगळे येतील. जेवणं झाली की तुझ्या त्या डब्यातनं तिचा आवाज लाव."

अप्पांनी त्या डब्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. खरं तर माझ्याकडेही नव्हतं. मी लगेच हो म्हटलं.

आणि चारच दिवसांत डबा वाजायला लागला.

वाजायला म्हणजे, दर काही सेकंदांनी एक बारीक 'टीक'. पण तो डबा वाजतोय हे कळायला अर्धा दिवस गेला. वैशालीनं फ्रिज बंद करून पाहिला. मी इन्व्हर्टरला कान लावून बसलो. अप्पांनी कानातलं ऐकायचं यंत्र काढून पाहिलं, आवाज थांबला, आणि बिघाड आपल्या यंत्रातच आहे असं सांगून ते निवांत झोपायला गेले.

शेवटी मी लॅपटॉपवर डब्याचं पान उघडलं. दोन बातम्या होत्या. पहिली, डबा काठोकाठ भरलाय. दुसरी, तांबड्या अक्षरांत, "डिस्क दोन निकामी होत आहे."

मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. दोन डिस्क कशासाठी घेतल्या होत्या? याच दिवसासाठी. मी नवी डिस्क आणली. वैशालीला आणि अप्पांना मुद्दाम बोलावलं, डबा बंद केला, झाकण उघडलं आणि डावीकडून मोजलं. एक, दोन. दुसरी बाहेर काढली, त्या जागी नवी बसवली, डबा चालू केला.

"झालं?" वैशालीनं विचारलं.

"झालं. आता पहिलीवरचं सगळं नवीवर आपोआप उतरेल. दीड दिवस लागेल."

"पण अजून वाजतोय."

"नवी आहे. रुळायला वेळ लागतो."

आता प्रश्न जुन्या डिस्कचा. मी कुठेतरी वाचलं होतं, की जुनी डिस्क तशीच भंगारात दिली तर कोणीही त्यातले फोटो काढू शकतं, म्हणून ती आधी फोडावी. मी परसात गेलो. कपडे धुवायच्या दगडावर डिस्क ठेवली, डोळ्यांना कारखान्यातला चष्मा लावला. अप्पा मागच्या पायरीवर येऊन बसले होते.

"चांगली दिसते रे," ते म्हणाले. "कशाला फोडतोस?"

"अप्पा, वरून चांगली दिसते. आतून गेलेली आहे."

"तुला कसं कळलं?"

"हेच तर माझं काम आहे."

सहा घाव घातले. सातवा समाधानासाठी.

दुसऱ्या दिवशी नवीवर उतरणारं काम निम्म्याच्या आत अडकलं आणि पुढे हलेना. डबा वाजतच होता. मी पुन्हा पान उघडलं. त्यावर लिहिलं होतं, "डिस्क एक, नवीन. डिस्क दोन, निकामी होत आहे."

मी ते तीनदा वाचलं. नवी डिस्क मी दोनच्या जागी बसवली होती. मग ती एक कशी? मी उठून डब्यापाशी गेलो, त्याला हात न लावता सगळ्या बाजूंनी पाहिलं (भिंतीवरच्या वाक्याप्रमाणे, पण एक दिवस उशिरा), आणि डब्याचे निळे दिवे मला भिंतीकडच्या बाजूला दिसले. डबा उलटा ठेवलेला होता. त्याची पाठ आमच्याकडे आणि तोंड भिंतीकडे.

"अप्पा, हा डबा कोणी फिरवला?"

"मी. त्या दिव्याचा उजेड सरळ माझ्या खाटेवर येतो. दिवाळीतच फिरवलाय. का रे?"

मी मागून मोजलं होतं. माझी डावी ती डब्याची उजवी. धडधाकट डिस्क दगडावर गेली होती आणि मरायला टेकलेली डिस्क आत बसून, जमेल तेवढं नवीला सांगता सांगता थकून थांबली होती.

मी दोघांना सगळं सांगितलं. वैशालीनं वर्गशिक्षकांची आठवण काढली नाही, याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे. अप्पा उठून परसात गेले, दगडामागे पडलेली ती चेपलेली डिस्क उचलली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि आत आणून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मी डबा फिरवायला नको होता."

मला वाटलं, त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंडी मोहल्ल्यात एका अरुंद जिन्यावर शबाना मॅडमचं दुकान आहे. त्या बिघडलेल्या डिस्कांमधून फाइली काढून देतात. पन्नाशीच्या, कपाळावर भिंग बांधलेल्या आणि कमी बोलणाऱ्या. मी दोन्ही डिस्क त्यांच्यापुढे ठेवल्या. (आम्ही कन्नडमध्ये बोललो. इथे मराठीत सांगतो.) त्यांनी आधी चेपलेली उचलली.

"हिला काय झालं?"

"पडली."

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "किती वेळा?"

मी खरं सांगितलं. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि दुसरी हातात घेतली, कानाशी नेली.

"ही अजून आहे. पण फार दिवस नाही. सगळं मागू नका, सगळं ती देणार नाही. सगळ्यात आधी काय हवंय तेवढं सांगा. कुठल्या फोल्डरमध्ये आहे?"

आता ऐका. कारखान्यात माझ्या प्रत्येक नटबोल्टच्या डब्यावर नाव आणि नंबर आहे. आणि घरच्या सर्व्हरवर मी केलेल्या फोल्डरांची नावं अशी, नवीन, नवीन दोन, नवीन खरं, महत्त्वाचं, खूप महत्त्वाचं आणि तात्पुरतं.

"खूप महत्त्वाचं," मी ठामपणे म्हणालो.

दोन तास त्या थकलेल्या डिस्कनं आपली शक्ती वेचून 'खूप महत्त्वाचं' बाहेर दिलं. त्यात आमच्या वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका होती. चार भाषांमध्ये.

शबाना मॅडमनी पाण्याची बाटली माझ्यापुढे सरकवली. "सर, नीट आठवा. घाईत काही टाकलं असेल, तर तुम्ही कुठे टाकता?"

घाईत मी सगळंच 'तात्पुरतं'मध्ये टाकतो. फोन भरला होता, त्या दिवशीही घाईच होती. मी तसं सांगितलं. त्यांनी यंत्र सुरू केलं आणि मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. खाली केळ्यांची गाडी उतरवत होते. मी आयुष्यात पहिल्यांदाच एखादं यंत्र कसं चालतं हे न बघता त्याच्यासाठी नुसती प्रार्थना केली.

तासाभरानं त्यांनी हाक मारली. अकरापैकी तीन रेकॉर्डिंग आली होती. बाकीची येणार नव्हती. मी तीन या आकड्याला धरून उभा राहिलो.

"आणि सर, या फोल्डरमध्ये दुसरंच काहीतरी भरमसाट आहे. तुमचा डबा यानंच भरला होता. बघा, नुसतं गेट आहे."

ते अप्पांच्या कॅमेऱ्याचं होतं. आमच्या गेटजवळच्या झाडावरची दासवाळाची, म्हणजे जास्वंदीची फुलं रोज पहाटे कोणीतरी नेत होतं. अप्पांचा संशय शेजारच्या निवृत्त मास्तरांवर. चोर पकडायला म्हणून त्यांनी गेटवर आवाजासकट टिपणारा कॅमेरा बसवून घेतला आणि मी तो घाईत 'तात्पुरतं'ला जोडला. महिन्याभराहून जुनं पुसून टाक, असं त्या कॅमेऱ्याला सांगायचं काम माझ्याकडे होतं. मी ते सांगितलं नव्हतं, आणि चोर पकडायचा उत्साह ओसरल्यावर कोणी काही उघडून पाहिलंही नव्हतं.

"बराच भाग निघण्यासारखा आहे," शबाना मॅडम म्हणाल्या. "पण गायी आणि स्कूटरच आहेत. टाकून देऊ?"

"हो, टाका," मी म्हणालो.

पण त्यांची सवय अशी, की टाकायच्या आधी एक तरी फाइल लावून बघायची. त्यांनी मधलीच एक लावली. गेट, सकाळचं ऊन, गेटात तोंड घातलेली एक गाय. आणि मग अव्वा आली. लिंबाच्या रंगाचं लुगडं, हातात आदल्या रात्रीची भाकरी. "ये गं," ती गायीला म्हणाली. "आज उशीर झाला तुला. कुठं सुम्ने फिरत होतीस?"

शबाना मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि व्हिडिओ थांबवला नाही. गाय भाकरी खाऊन गेली, अव्वा आत गेली, तरी रिकामं गेट आम्ही दोघं बघत राहिलो. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "नवी डिस्क आणलीय ना? मोठी आहे ना?"

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली आणि हॉलमध्ये सतरंजीवर सगळे बसले. अप्पांची धाकटी बहीण, सरोजाआत्या, पुढच्या रांगेत. शेजारचे मास्तर आणि त्यांची बायको पार्वतम्मा दाराशी खुर्च्यांवर. मी टीव्हीवर आधी ती तीन रेकॉर्डिंग लावली. पहिलं सुरू झालं.

"अव्वा, आता रंगाचं सांग. थांब, शुद्ध मराठीत सांग हं. कन्नड नको." हा मी.

"मंजिष्ठ आणायचं, मत्ते..."

"मत्ते नको. मग म्हण."

"मग. मग ते स्वल्प..."

"थोडं."

"थोडं कुटायचं." मग बराच वेळ शांतता, आणि मग अव्वा, "तूच सांग ना रे बाबा, तुला येतंय तर."

तिन्ही रेकॉर्डिंग अशीच होती. अव्वा अडखळतेय आणि मी दुरुस्त करतोय. जन्मभर तोंडभरून बोललेली बाई माझ्यापुढे तोंडी परीक्षेला बसल्यासारखी बोलत होती. आत्यांनी पदरानं चष्मा पुसला, तो का ते मी विचारलं नाही. हरवलेल्या आठ रेकॉर्डिंगचं दुःख मात्र त्या क्षणी माझं निम्मं झालं.

मग मी गेट लावलं.

आणि घर भरलं. भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून घासाघीस करणारी अव्वा. वैशालीला पाठमोरी हाक मारणारी अव्वा. शाळेत निघालेल्या कोणाच्यातरी पोराचा शर्ट खोचून देणारी अव्वा. मत्ते, सुम्ने, स्वल्प, सगळं जिथल्या तिथं. मुलं हसत होती. अप्पा कानातल्या यंत्राला हात लावून कान पुढे करून बसले होते.

पुढच्या व्हिडिओत पहाटेचा अंधूक उजेड होता. अव्वा फुलांची परडी घेऊन आली, दासवाळाची फुलं एकेक करून खुडली आणि कुंपणावरून पलीकडे दिली. पलीकडून दोन हात आले. अव्वा हळूच म्हणाली, "लवकर घे पार्वतम्मा. आमचे उठतील. त्यांनी कॅमेरा लावलाय म्हणे, चोर धरायला."

पार्वतम्मा जमिनीकडे बघत होत्या. मास्तर अप्पांकडे बघत होते. दोन वर्षं अप्पा मास्तरांशी फक्त मान हलवण्यापुरतं बोलले होते. मग अप्पा वैशालीला म्हणाले, "मास्तरांना कॉफी दे." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आणि उद्यापासून फुलं मी देईन. पण उजाडल्यावर."

मी खूश होतो. माझ्या गोंधळातून एवढं सगळं निघालं, तर आता थांबावं हे मला कळायला हवं होतं. मी आणखी एक लावलं.

गेटपाशी अव्वा आणि सरोजाआत्या. आत्या निघालेल्या, म्हणजे अजून पाऊण तास तरी उभ्या राहणार. आमच्या घरात खरं बोलणं निघताना गेटवरच होतं.

"रघू काय म्हणतो?" आत्या विचारत होत्या.

"पाप, हुशार आहे गं माझा," अव्वा म्हणाली. (पाप म्हणजे बिचारा.) "काहीही हातात दे, उघडतो. फक्त बंद करायचं त्याला जमत नाही."

हॉलमधले लोक एव्हाना पुढे सरकले होते.

"तो मिक्सर आठवतो? त्यानं सगळा सुटा केला. मत्ते जोडला, तर चालेना. रात्री तोंड एवढंसं करून बसला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर मी पिशवीत घालून मंडी मोहल्ल्यात नेला, नीट करून आणला. संध्याकाळी म्हटलं, बघ रे, तू केलास तो चालायला लागला."

"आणि त्याला खरं वाटलं?"

"वाटलं की. चार दिवस खुशीत होता. आता परवा इस्त्री उघडलीय. मला परत जायला पाहिजे."

सगळ्यात आधी वैशाली हसली. मग आत्या, मग मास्तर, आणि शेवटी अप्पा, ज्यांना हसताना आम्ही वर्षभर पाहिलं नव्हतं. ते डोळे पुसत हसत होते आणि मला म्हणत होते, "परत लाव. परत लाव ते."

मी सहा वेळा लावलं. त्या मिक्सरची दुरुस्ती मी कारखान्यातल्या नवीन लोकांना उदाहरण म्हणून सांगत असे, हे मात्र मी तिथे कोणाला सांगितलं नाही.

आता मी शहाणा झालोय. डब्यातल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत घराबाहेर ठेवतो, फोल्डरांना नीट नावं देतो, डब्याच्या पुढच्या बाजूला 'पुढची बाजू' अशी चिठ्ठीही लावली आहे. तरी वैशालीचा माझ्यावर भरवसा नाही, आणि तिचं बरोबर आहे. पण त्या मिक्सरच्या व्हिडिओची मला अजिबात काळजी नाही. आत्यांनी तो त्याच दुपारी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो नंजनगूड, बंगळूर, कोल्हापूर करत फिरला आणि परवा माझ्याच विभागातल्या तंत्रज्ञानं मला तो पाठवला, "सर, हे बघा, मजेशीर आहे," म्हणून. आमच्या घराण्यातली ही एकच गोष्ट आता अशी आहे, जी माझ्या हातूनसुद्धा हरवणार नाही.